मासळी वर्ज

सिंगापुरातल्या माझ्या चिनी गुरूने कुठल्याही रोग्याची मासळी बंद केलेली मी कधी पाहिली नाही. तो स्वतः दोन्ही वेळा भाताबरोबर मासळी खायचा. बोटीवर आजारी पडलो म्हणून मला त्या बंदरात उतरवलं होतं. या वैद्याने बरं केलं आणि मी त्याच्याच दुकानात मुळ्या कुटायला राहिलो. नाडी कशी पाहावी, सुई किती खोल जाऊ द्यावी, काढा केव्हा उतरवावा, सगळं त्याचंच शिक्षण. काही वर्षांनी रत्नागिरीला परतलो आणि मांडवी बंदराजवळ भाड्याची खोली घेऊन सुया मांडल्या.

लोक आधी हसले. पण आमच्याकडे कंबर धरली की सळई तापवून डाग देणारी माणसं होती. त्या मानाने माझी केसासारखी सुई म्हणजे सुखच. सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध तर घरोघरचं. चोपचिनीची मुळी मुंबईहून बोटीने यायची. सुई टोचल्या जागी शेक द्यायला तिकडचा पाला मिळेना, तेव्हा त्याच्याच जातीचा आपला नागदवणा वाळवून घेतला. तोही चालला.

गाडं अडलं भलत्याच ठिकाणी. काढा हातात घेतला की रोगी विचारायचा, "वर्ज काय?" मी "काही नाही, सगळं खा," म्हटलं की त्याचं तोंड उतरलंच. ज्या औषधाला पथ्य नाही त्यात दम तो काय असणार! काहीजण तर पुडी तिथेच ठेवून गेले. शेवटी एकदा वैतागून मी एकाला म्हटलं, "मासळी वर्ज. ओली नाही, सुकी नाही, कालवणाचा थेंबसुद्धा नाही." गडी इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आला. त्या दिवसापासून माझी विद्या खरी ठरली.

पथ्याचा दुसरा फायदा हळूहळू ध्यानात आला. गुण आला तर माझा हात. नाही आला तर रोग्याची जीभ. समुद्राकाठचा माणूस मासळीवाचून किती दिवस राहणार? खाई त्याला खवखवे. बरं न वाटलेला रोगी मान खाली घालूनच पायरी चढायचा, आणि मी वर त्याला झापायचो. आपण काय करतो आहोत ते मला कळत होतं. कळत होतं आणि सोयीचं होतं.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या पावसाळ्यात मिऱ्याकडचा एक खलाशी बैलगाडीत आडवा पडून माझ्याकडे आला. मंगळूरहून कौलं आणणाऱ्या गलबतावर तो शिडं सांभाळायचा. कंबरेपासून पोटरीपर्यंत अशी कळ, की पाय टेकवत नव्हता. मी कुल्ल्यावर, गुडघ्यामागच्या खळगीत आणि घोट्याशी सुया लावल्या, शेक दिला, काढा दिला, आणि सवयीने मासळी बंद केली. नारळी पौर्णिमेनंतर गलबतं निघतात. त्याला तोवर उभं राहायचं होतं.

त्याची बायको त्याच्याबरोबर यायची. एकदा त्याला गाडीत बसवून ती एकटीच परत आत आली.

"वैद्यबुवा, पुनवेपर्यंत नाय बरे झाले, तर नाय का चालणार?"

मी हसलो. नवऱ्याच्या दुखण्याला आयुष्य मागणारी बायको प्रथमच पाहत होतो. ती हसली नाही. तिचा थोरला भाऊ त्याच गलबतावर गेला होता तो परत आला नव्हता. ती म्हणाली, "लंगडे तर लंगडे, घरात तरी रवतील." मी ऐटीत सांगितलं, "बाई, माझ्या हातून पाय अर्धा बरा होत नाही."

आणि झालाच बरा. पौर्णिमेला तो स्वतः चालत आला, नारळ ठेवला, वाकून नमस्कार केला. दोन आठवड्यांत गलबतावर चढला. त्याचा पाय मी बरा केला हे मी गावभर सांगत सुटलो.

होळीच्या आसपास बातमी आली. भटकळच्या पुढे वारा फिरला, शीड आवरायला तो डोलकाठीवर चढला आणि पडला. बरोबरचे म्हणाले, वर असताना ओरडला, पाय गेला म्हणून. मग खाली पाणीच होतं.

सुतक फिटल्यावर ती आली. बाहेर पडवीत रोगी बसले होते. ती आत येऊन भिंतीशी टेकून बसली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "त्येंना मी मारलं."

मला वाटलं, दुःखाने बोलते आहे. पण तिचं बोलणं सरळ होतं. नवरा बरा होऊ नये म्हणून तिने रोज आमटीत सुकटाची पूड घातली होती. लसणाच्या फोडणीत त्याला वास कळला नाही. "मला वाटलं, पथ्य मोडलं की दुखणं घरातच ठेवील त्येंना. पर दुखणं आत दडून बसलं, आनि दर्यावर उठलं. तुमी बजावलं व्हतं, थेंबसुद्धा नाय म्हनून."

मी तिला सगळं सांगितलं. पथ्य खोटं आहे. माझा गुरू मासळी खायचा. लोकांचा विश्वास बसावा म्हणून मी ते रचलं. पाय जर खरंच गेला असेल, तर मूळ दुखणं माझ्या सुईने निघालंच नव्हतं, नुसती कळ दबली होती, आणि ते मला ओळखता आलं नाही. दोष असलाच तर माझा. इतकं खरं मी त्या खोलीत कधी बोललो नव्हतो, आणि बोलताना मला रडू फुटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लहान आहे.

"लई मन मोठं तुमचं, वैद्यबुवा. माझ्यासाठी आपल्या विद्येला खोटं पाडताव. पाप लागेल तुमाला."

मी पुन्हा सांगू लागलो. तिने हात जोडले आणि उठली. पडवीत बसलेल्या बायका तिला ओळखत होत्या. त्यांनी जागा करून दिली. ती त्यांच्यापाशी थांबली. तिचा आवाज मला आत स्वच्छ ऐकू आला.

"पथ्य पाळा गे बायांनो. माझ्या घरात मोडलं, माझं काय झालं बघताव ना?"

बायका चुकचुकल्या. मी दारापर्यंत गेलो. दोन पावलं पुढे टाकून चार शब्द बोलायचे होते, बस्स. बाहेर वीसेक माणसं होती, सगळी माझ्या हाताच्या भरवशावर आलेली. मी चौकट धरून उभा राहिलो, ती वळणाआड जाईपर्यंत.

मग पुढची बाई आत आली. खांदा धरला होता तिचा. मी सुया लावल्या, काढ्याची पुडी बांधली. पुडी कपाळाला लावून तिने विचारलं, "वर्ज काय, वैद्यबुवा?"

मी म्हटलं, "मासळी."