क्लोनडॉकिनच्या कालव्यावर

क्लोनडॉकिन हे एक जुनं गाव आहे, हे आम्हाला टाळेबंदीत कळलं. तोवर ते आमच्या लेखी डब्लिनच्या पश्चिमेचं एक उपनगर होतं: मोटरवेचा फाटा, बिझनेस पार्क आणि एकासारखी एक घरं. मी तिथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, नवरा टॅलाच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दोघंही पुण्याचे. २०२० मध्ये घरापासून दोन किलोमीटरपलीकडे फिरायला जायला बंदी आली, तेव्हा कुठे आम्ही आजूबाजूला पाहिलं.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता. आम्हाला गाव दाखवायचं त्यांनीच ठरवून टाकलं. त्या पुढे, आम्ही अंतर राखून मागे, आणि त्यांचा वर्गातला खणखणीत आवाज रिकाम्या रस्त्यावर.

गावाच्या मध्यावर दगडी मनोरा आहे. बारीक, गोल, हजाराहून जास्त वर्षं उभा. त्याचं दार जमिनीपासून बरंच वर आहे. लुटारू आले की मठातले साधू वर चढून शिडी ओढून घेत, असं सांगतात म्हणे. पुढे व्हायकिंग आले, त्यांनी इथे किल्ला बांधला. आयरिश लोकांनी तो जाळला आणि व्हायकिंग सरदारांची मुंडकी उडवली. किल्ला नेमका कुठे होता ते आता कोणालाच माहीत नाही. त्यानंतर कित्येक शतकांनी बंदुकीच्या दारूचा कारखाना उडाला. त्या हादऱ्याने जुनं चर्च कोसळलं, मनोरा तेवढा राहिला.

नवऱ्याने हसत विचारलं, की या गावात शांतपणे कधी काही झालंच नाही का? बाईंनी जरा विचार केला. कागदाची गिरणी होती, म्हणाल्या, पण तीही बंद पडली.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला, एका रविवारी दुपारी आम्ही दोघंच कालव्यावर गेलो. लॉकपाशी, म्हणजे बोटी वर-खाली करायला जिथे मोठे लाकडी दरवाजे आहेत तिथे, दोन पुरुष पीत बसले होते. चांगले तिशीतले. आम्ही जवळून जाताना एकजण रोगावरून काहीतरी बोलला आणि म्हणाला, घरी जा.

नवरा थांबला. शांतपणे म्हणाला, "घरीच चाललोय. त्या पुलामागे."

बाटली कधी आली ते मला दिसलं नाही. आवाज मात्र ऐकला. नवरा गुडघ्यांवर बसला, मग लॉकच्या दगडी कठड्यावर तोंडावर आपटला. दुसऱ्याने त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. त्या लाथांना काही घाई नव्हती. दार उघडत नाही म्हणून माणूस लाथा मारतो, तशा. मी लाथा मारणाऱ्याला ओढायला गेले तर पहिल्याने मागून माझं तोंड दाबलं. त्याचा अंगठा माझ्या दातांमध्ये आला आणि मी चावले. सोडलं नाही. हाडाला दात लागल्याचं कळलं, तोंडात रक्त आलं, त्याने माझ्या डोक्यावर बुक्क्या मारल्या, तरी सोडलं नाही. शेवटी तो किंचाळला, त्याने हात हिसडून घेतला आणि दोघे पळाले.

नवऱ्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. त्याच्याच हॉस्पिटलात, त्याच्याच सहकाऱ्याने त्याला भूल दिली. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, माझा जबाब घेऊन गेले. रोज भाजी मिक्सरमधून काढून मी त्याला स्ट्रॉने पाजत होते. शेजारच्या बाई दाराबाहेर सूप ठेवून जायच्या. एकदा त्या फाटकापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गावात तुम्हाला मारलं."

वसंतात तो मला सुपरमार्केटच्या रांगेत दिसला. मास्क होता, पण ट्रॉलीवर ठेवलेल्या हाताच्या अंगठ्यावर माझ्या दातांचा अर्धगोल व्रण होता. मी गार्डांना फोन लावला, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात दुकानाचा पत्ता सांगितला. तो वळला.

"हात दाखव," मी म्हणाले.

त्याने हात खिशात घातला. आपण हिला ओळखत नाही, असं रांगेतल्या लोकांना सांगितलं, आणि ट्रॉली तिथेच टाकून गाडीकडे धावला. कॅमेऱ्यात गाडीचा नंबर आला होता. संध्याकाळपर्यंत तो सापडला, त्याच्यामागोमाग दुसराही.

नवऱ्याला कोर्टात यायचं नव्हतं. त्याला पुन्हा ते चेहरे बघायचे नव्हते. माझ्याबरोबर बाई आल्या, ठेवणीतला कोट घालून. दोघांनी गुन्हा कबूल केला. नोकरी गेली होती, दारू वाढली होती, असं वकिलाने सांगितलं. तुरुंगाची शिक्षा झाली, बरीचशी स्थगित. अंगठेवाला पुसट आवाजात सॉरी म्हणाला. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, आता बरं वाटतंय का? मी खरं ते सांगितलं. मला त्याला आणखी एकदा चावायचं होतं. त्यांनी मान हलवली आणि आम्ही बसस्टॉपकडे चालू लागलो.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याने दक्षिणेकडच्या कॉर्क शहरात नोकरी घेतली. मला क्लोनडॉकिन सोडायचं नव्हतं. त्यावरून आम्ही खूप भांडलो. एकदा तर मी हातातला पेला भिंतीवर फोडला, आणि त्या आवाजासरशी त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते पाहिल्यावर मी वाद घातला नाही. सामान बांधायला घेतलं.

इथे कॉर्कला त्याला बरं वाटतं. थंडीत जबडा दुखतो, सफरचंद कापूनच खावं लागतं. बाईंशी फोनवर बोलताना मात्र तो अजून विचारतो, गावात काय नवीन.