आईनं उकळलेली प्लेट

आमच्या घरात उष्ट्याला माफी नाही. तोंड लावलेलं भांडं ओट्यावर दिसलं की आईच्या तोफखान्यापुढं कुणाची खैर नसते. त्यामुळं रात्रभर माझ्या तोंडात राहणारी ती प्लास्टिकची पारदर्शक प्लेट तिच्या डोळ्यांत खुपायची. तारा काढल्यावर दात परत फाकू नयेत म्हणून डॉक्टरांनी दिलेलं ते रिटेनर. आई त्याला कवळी म्हणायची. "लग्नाला आलेली पोरगी अन् कवळी, अरे देवा!"

माझ्या पुढच्या दोन दातांत फट होती, थेट बाबांसारखी. शाळेत पोरं 'खिडकी' म्हणून चिडवायची. बाबा गेल्यानंतर, नोकरी लागल्या लागल्या, मी तारा बसवून ती खिडकी बंद करून टाकली.

साखरपुडा महिन्यावर आला आणि आईला साफसफाईचा झटका आला. चितेगावच्या कंपनीतून दमून घरी येते तर काय, माझी प्लेट पातेल्यात रटारटा उकळतेय!

"आई! काय केलंस हे?"

"काय केलं? पाहुणे येणार. उष्टं घरात कशाला? चांगली निर्मळ केली."

निर्मळ झाली होती खरी, पण तळलेल्या पापडासारखी वाकडी. डावीकडं बसवली की उजवीकडं उठायची. अंगठ्यानं दाबली तर डोळ्यांतून पाणी आलं. "जरा तेल लावून बघ की," आई म्हणाली. मी इतकी भडकले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, नुसती भांडले.

गारखेड्यातले आमचे डॉक्टर नेमके लेकीकडं परदेशात गेलेले. दुसऱ्या कुणाच्या हाती तोंड द्यायची माझी छाती होईना. रोज सकाळी दातांत दोरा घालून बघायची. आधी तो अडकायचा, मग सुळकन सरकायला लागला. साखरपुड्याच्या दिवशी खिडकी चांगली किलकिली झाली होती. म्हटलं, आज ओठ मिटूनच हसायचं. फोटोत फट दिसली तर जन्मभर बघत बसावं लागेल.

कसलं काय! अंगठी घालताना होणाऱ्या नवऱ्याच्या हातून ती निसटली आणि डुबुक करून गुरुजींच्या तांब्यात. मी अशी हसले की मांडवभर ऐकू गेलं. फोटोवाल्यानं बरोबर तेवढंच टिपलं.

बघते तर आई पदर तोंडाला लावून रडतेय. मला वाटलं, प्लेटचं मनाला लागलं. मी जवळ जाऊन म्हणाले, "जाऊ दे गं, फट काय, परत बुजवून घेऊ."

"त्याचं नाय गं," ती म्हणाली. "लई दिवसांनी ह्यांना हसताना पाहिलं."

डॉक्टर परत आल्यावर त्यांनी दात पाहून कपाळाला हात लावला. "तारा लावून पुन्हा जुळवायचे, का आहेत तिथंच धरून ठेवायचे?"

"तिथंच धरा," मी म्हणाले.

नवी प्लेट त्या फटीच्या मापाची आहे. माहेरी गेले की आई ती सकाळी स्वतः धुते, गार पाण्यानं.