अठरावी खुर्ची

"ज्या हॉटेलात डाळ कोमट येते, तिथे माणसांना बोलावू नये," असं ताई एकदा सहज बोलून गेल्या आणि तेव्हापासून नकाशांच्या त्या कार्यालयातलं प्रत्येक जेवण त्यांच्या गळ्यात पडलं. कुणाची बढती असो, कुणाला मुलगी झालेली असो, साहेब काचेवर टकटक करत. "ताई, बघा काहीतरी."

ताई तळघरात जुने नकाशे सांभाळत. कुठल्या गुंडाळीत कुठली नदी आहे, हे त्यांना दिवा न लावता सांगता येई. हॉटेल शोधण्यातही त्यांचा तोच काटेकोरपणा. आधी भर दुपारी एकटीने जायचं, फक्त डाळभात मागवायचा, पायऱ्या मोजायच्या, हात धुवायची जागा बघायची. जेवणाच्या दिवशी शेवटच्या ताटात वाढून होईपर्यंत वेटरच्या मागे उभं राहायचं. मग स्वतः बसायचं, उरलेल्या कोमट डाळीपुढे. एकतीस वर्षं हे असंच.

आता त्यांच्याच निवृत्तीचं जेवण होतं. टकटक झाली.

"माझ्या निरोपाचं जेवण मीच बघू?"

"तुमच्यासारखं कुणाला जमतं, ताई?" साहेबांनी हा प्रश्न कौतुक म्हणून विचारला होता.

घरी यजमानांना हसू आवरेना. "उद्या वर जातानाही बाकीच्यांना रांगेत तूच उभं करशील."

"हसा. पण या वेळी मी सगळ्यांबरोबर बसणार. वाफाळती डाळ, पहिल्या घासापासून. एवढं एकच हवंय मला."

तीन आठवडे त्या शहरभर हिंडल्या. डाळभाताची हॉटेलं पैशाला पासरी, पण एकात गाणी एवढ्या मोठ्याने लागलेली की डाळ मागितली तर दही आलं. दुसऱ्यात बावीस पायऱ्या, आणि आरेखक काकांचे गुडघे म्हणजे फुटके माठ. तिसरं सगळ्या बाबतींत चांगलं, पण अठरा माणसं पाच टेबलांवर विखुरणार. ताईंनी काकांना फोन केला तर ते म्हणाले, "मला काहीही चालेल. फक्त तिखट नको, फिकं नको, आणि पंखा डोक्यावर नको."

"काका, तुम्ही घरूनच डबा आणा ना!"

अखेर दिव्यांच्या दुकानामागच्या गल्लीत एक हॉटेल सापडलं. डाळ अशी गरम की जीभ पोळली आणि ताईंचं मन निवलं. मागच्या खोलीत एकच लांब टेबल, बरोबर अठरा खुर्च्या.

"एकोणिसावी लावू नका म्हणजे झालं," मालक म्हणाला. "दारच उघडत नाही मग."

"सतरा जण आणि मी," ताई म्हणाल्या. स्वतःला मोजायची त्यांची ही पहिलीच वेळ. म्हणताना त्यांना उगाच लाजल्यासारखं झालं.

जेवणाच्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी पोहोचल्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि सवयीने दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. एकेक जण आला. काकांनी पंख्याकडे संशयाने पाहिलं. शेवटी साहेब आले, बरोबर एक अनोळखी गृहस्थ.

"आमचे मेहुणे. घरी एकटेच होते, म्हटलं चला."

मेहुणे सरळ खिडकीकडे गेले. "ही कुणाची पर्स?" त्यांनी विचारलं आणि ती हातोहात ताईंपर्यंत पोहोचवली. एकेकाने पुढच्याला दिली. एकानेही मान वर केली नाही.

"साहेब, खुर्च्या अठराच आहेत," ताई म्हणाल्या.

"मग बरोबर की! तुम्ही तर नेहमी मागाहूनच बसता."

डाळ आली. खोलीभर वाफ झाली, काकांचा चष्मा धुरकटला. "वा ताई! याला म्हणतात गरम," ते चष्मा पुसत म्हणाले. "जरा लिंबू सांगता का?"

ताईंनी टेबलाकडे पाहिलं. अठरा वाट्या, अठरा माणसं. मोजणीत कुठेच चूक नव्हती. सगळ्यांनी मिळून आणलेला फुलांचा गुच्छ पाण्याच्या तांब्याला टेकून आडवा पडला होता. त्यांनी तो उचलून सरळ उभा केला, पर्स खांद्याला अडकवली आणि दाराबाहेर पडल्या.