भुकेच्या गोळ्या आणि अक्का

तुळजापूरच्या शाळेत शिकवायचे तेव्हा माझं वजन फार वाढलं होतं. देवळातून परत पायऱ्या चढून येताना गुडघे धरायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी छाती, रक्तदाब तपासून भूक कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. "सकाळी एकच घ्या. पंधरा दिवसांनी दाखवायला या. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका," त्यांनी बजावलं.

महिन्याभरात माझ्या चोळ्या सैल झाल्या. अणदूरहून आलेल्या थोरल्या जाऊबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांना मी अक्का म्हणायचे.

"मला बी दे की चार गोळ्या," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं, तशा त्या रुसल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला दाखवायला जायचंच होतं, म्हणून त्यांनाही बरोबर नेलं.

डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब दोनदा मोजला. तो बराच वाढलेला होता. "ह्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत," ते म्हणाले आणि रक्तदाबाचं औषध दिलं. माझं वजन पुरेसं उतरलेलं पाहून माझ्याही गोळ्या त्यांनी बंद केल्या.

परतीच्या एसटीत अक्कांनी फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "रागावले व्हते गं तुझ्यावर," त्या म्हणाल्या.