बाहेरची कडी

"तुमच्या मुलाला जुलाब झालेलेच नाहीत," भोरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "त्याला बद्धकोष्ठ आहे. तेही चांगलं दीड-दोन महिन्यांचं."

मला वाटलं, यांनी चुकून दुसऱ्याच पोराचा केसपेपर उचललाय. माझ्या पिशवीत विराजच्या चार चड्ड्या होत्या आणि त्यातल्या तीन भोंगवलीहून भोरला येईपर्यंत भरल्या होत्या. कापूरहोळला एसटीची वाट बघताना एक बाई नाकाला पदर लावून आमच्या बाकावरून उठून गेली होती. आणि या म्हणतात बद्धकोष्ठ!

मी तडकून म्हणाले, "मॅडम, मी गावची आशा सेविका आहे. जुलाब कळतात मला."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि टेबलावर झोपवलेल्या विराजच्या बेंबीखाली डाव्या बाजूला ठेवला. "दाबू नका, नुसतं चाचपा." हाताला काहीतरी टणक लागलं, कच्च्या पेरूएवढं. "ही शी आहे," त्या म्हणाल्या. मी हात मागे घेतला.

याला फीकल इम्पॅक्शन म्हणतात. म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात शी साठून, वाळून तिचा गोळा होतो. मग वरून येणारी पातळ शी त्या गोळ्याच्या कडेनं पाझरत राहते. ते ओव्हरफ्लो. पाटात दगड अडकला तरी कडेनं पाणी झिरपतंच, तसं. ते झिरपणं मुलाला कळतही नाही. आपल्याला वाटतं जुलाब.

मलाही तेच वाटलं. आठ वर्षं गावात घरोघरी ओआरएसची पाकिटं वाटणारी मी, स्वतःच्या पोराला आठवडाभर ओआरएस पाजत होते. भाजी बंद केली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शी घट्ट व्हावी म्हणून जायफळ उगाळून चाटवत होत्या. हायवेवरच्या एका डॉक्टरांनी तर पोटाला हातसुद्धा न लावता शी थांबवायचं औषध लिहून दिलं होतं. आधीच अडकलेलं आणखी अडकवायला आम्ही सगळे हात धुऊन मागे लागलो होतो.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या तोऱ्यापासून. म्हणून तिथपासून सांगते.

विराज तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांचा होता. त्याच्या शी-शूचं तोवर काहीच अडलं नव्हतं. तान्हा असल्यापासून आत्याबाई त्याला पायावर बसवायच्या. पाय लांब करून बसायचं, दोन पावलांवर बाळाला टेकवायचं आणि गप्पा मारत राहायचं. चालायला लागल्यावर तो आपणहून अंगणाच्या कडेला, शेवग्याखाली जाऊन बसायला लागला. "झाली!" म्हणून हाक मारायचा. आत्याबाई राख टाकून, पत्र्याच्या तुकड्यावर उचलून ते संडासात टाकून यायच्या. कसलं ट्रेनिंग अन् कसलं काय.

मग एक दिवस पिठाच्या गिरणीत शेजारच्या मंगलकाकी पाच-सहा बायकांसमोर म्हणाल्या, "आशाताई समद्या गावाला शिकवती, अन् हिचंच पोर अंगणात बसतंय." बायका हसल्या. मला मिरच्या झोंबल्या. आमच्या वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी आहे. ती लागावी म्हणून मी दारोदार फिरले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. या मंगलकाकींच्या घरचा संडास तर मीच भांडून बांधायला लावलेला, आणि आता त्या मला शिकवणार?

घरी येऊन मी जाहीर केलं, उद्यापासून विराज संडासातच बसेल. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, त्या भोकात पाय जाईल की त्याचा. जरा मोठा हू दे." मी म्हणाले, "तुमच्या काळात चालत हुतं, आत्याबाई. आता न्हाई."

आमचा संडास परसात आहे. पत्र्याचं दार, वर छोटीशी जाळी, आत दिवसासुद्धा अंधार. पॅन मोठ्या माणसाचं. कुत्री-कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी. पहिल्या दिवशी विराजनं माझ्या गळ्याला जी मिठी मारली ती सुटेना. दुसऱ्या दिवशी तो तसाच उघडा पळून अंगणात आला. तिसऱ्या दिवशी मी त्याला आत ठेवलं, दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. "शी कर, मग उघडते."

पाच-सात मिनिटं झाली असतील. तो दोन्ही हात पत्र्यावर आपटत होता. मी बाहेर उभी होते. मला राग पोराचा नव्हताच आला, मंगलकाकीचा आला होता. पण तिला कोण कोंडणार? हाताशी होतं ते पोर. असं मी चार दिवस केलं.

तेव्हापासून त्यानं शी धरून ठेवायला सुरुवात केली. कोपऱ्यात जायचा, चवड्यांवर उभा राहायचा, पाय आवळायचा, तोंड लालबुंद व्हायचं. आम्हाला वाटलं जोर लावतोय. घरातले सगळे भोवती उभे राहून टाळ्या वाजवायचो. "लाव जोर! लाव!" तो जोर लावत नव्हता. तो रोखून धरत होता. तुमचं मूल असं उभं राहत असेल तर कृपा करून टाळ्या वाजवू नका.

पाचव्या दिवशी एक खडा पडला आणि त्याला रक्त होतं. घट्ट शीनं गुदद्वाराला चीर पडते, तिला फिशर म्हणतात. चीर पडली की दुखतं. दुखतं म्हणून मूल आणखी धरून ठेवतं, धरलं की शी आणखी घट्ट होते, आणि मग आणखी दुखतं. आम्ही यावर काय केलं? शी सुटावी म्हणून मागून सरकवायला आत्याबाईंनी साबणाची कांडी तासून आणली आणि मी त्याचे पाय धरले. मी, प्रशिक्षण घेतलेली आशा! तो किंचाळत होता आणि आम्ही दोघी त्याला "झालं, झालं" म्हणत होतो. आत्याबाईंना दोष देऊन मी मोकळी झाले असते, पण पाय माझ्याच हातात होते.

मग चड्डी भरायला लागली. दिवसातून सहा वेळा, आठ वेळा. प्रत्येकाकडे सल्ला तयार. मंगलकाकी म्हणाल्या नजर लागली. आमचे हे शिरवळला कंपनीत आहेत, ते शिफ्टवरून येऊन चप्पल काढता काढता म्हणायचे, "करंल की गं. लग्नात कोण चड्डीत करत उभा ऱ्हातो का?" चड्ड्या धुवायला मात्र मी. नणंद फोनवर म्हणाली, "आमची तर दीड वर्षाची असतानाच सांगायला लागली." जगातल्या सगळ्या बायकांची पोरं दीड वर्षाची असतानाच सांगायला लागतात. मला एकदा ती सगळी पोरं एका रांगेत उभी करून बघायचीयेत.

एका दुपारी मी नुकती धुतलेली चड्डी घातली आणि दुसऱ्या मिनिटाला ती भरली. मी त्याला मारलं. "शी आली म्हून सांगता येत न्हाई व्हय तुला?" तो माझ्याकडे बघत राहिला. खरंच कळत नव्हतं त्याला. शी आली हे कळायला आतड्याला ताण जाणवावा लागतो आणि त्याचं आतडं ताणून ताणून बधिर झालं होतं. हे मला भोरला कळलं, मारून झाल्यावर.

मॅडमनी एक्स-रे काढायला पाठवलं. तिथे बाहेर बाकावर आम्ही तासभर बसलो. एक्स-रेत तो गोळा ढगासारखा दिसत होता. मॅडम म्हणाल्या, "आतड्यात दोष नसताना मूल भीतीनं शी धरून ठेवतं, त्याला फंक्शनल कॉन्स्टिपेशन म्हणतात. हे तेच वाटतंय. पण भीती कशाची? याला बसवता कुठे?"

"संडासात," मी म्हणाले. बाकीचं गिळलं.

विराज तिथल्या लाकडी घोड्याशी खेळत होता. मान वर न करता म्हणाला, "आई कडी लावती."

मॅडमनी हातातला एक्स-रे खाली ठेवला. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "आधी ती कडी काढा. औषध त्यानंतर काम करेल." मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडूसुद्धा येईना, आणि या वेळी तो माझ्यावरच होता.

घरी आल्याबरोबर पिशवी खाली ठेवायच्या आधी मी स्क्रू-ड्रायव्हर शोधला. स्क्रू गंजले होते. दोन निघाले, दोन निघेनात. आत्याबाई काही न विचारता घरातून हातोडी घेऊन आल्या. कोंबड्यांसाठी आम्ही दाराला वीट लावायला लागलो.

औषध म्हणजे पाण्यात विरघळवायची पावडर. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. प्रमाण मुलाच्या वजनावर असतं, ते डॉक्टरच ठरवतात, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. पहिले चार दिवस घरात जे काही झालं ते मी लिहीत नाही. गोधड्या वाळत घालायला दोरी पुरली नाही एवढंच सांगते. पाचव्या दिवशी त्याचं पोट मऊ लागलं आणि तो आपणहून भाकरी मागून जेवला.

इथे आम्ही पुन्हा माती खाल्ली. तीन आठवडे सगळं सुरळीत झालं, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "पावडरीची सवय लागंल पोराला." यांनाही ते पटलं. मलाही पटलं, खोटं का बोलू. पावडर बंद केली. दहा दिवसांत तो परत कोपऱ्यात, चवड्यांवर.

या वेळी मॅडम चिडल्या. "मोडलेला हात दोन दिवसांत प्लॅस्टरमधून काढता का तुम्ही? ताणलेलं आतडं आकसायला महिने लागतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, आता नीट औषध देऊनही फरक पडला नाही तर पुण्याला तपासणीला पाठवावं लागेल. काही मुलांच्या आतड्यात जन्मतःच मज्जातंतू नसतात, त्याला हर्शस्प्रंग डिसीज म्हणतात. त्याला ऑपरेशन लागतं. "याला ते नसावं असं मला वाटतं. पण खात्री करायची तर आधी तुम्ही औषध नीट द्यायला पाहिजे."

भोरच्या स्टँडवर विराज माझ्या मांडीवर झोपला होता. त्याच्या पोटावर सुरी फिरवायची की नाही हे आता माझ्यावर होतं. गावभर दुसऱ्यांच्या गोळ्यांचे कोर्स पूर्ण करून घेणारी मी. मी वहीत तारखा आखल्या आणि यांना व आत्याबाईंना बजावलं, पावडरीला कुणी हात लावायचा नाही.

मॅडमनी सांगितलेलं सगळं साधं होतं. सकाळी खाऊन झालं की दहा मिनिटं बसवायचं. शी झाली नाही तरी शाबासकी, बसला म्हणून. चड्डी भरली तर तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि पाय लोंबकळता कामा नयेत, पावलं टेकलेली हवीत, गुडघे वर. ते ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी म्या बसवायची तसंच की." तसंच होतं ते.

प्लास्टिकची पॉटी आणली, पुढे पाय टेकायला दोन विटा, आणि ती नेऊन ठेवली शेवग्याखाली. चौथ्याच दिवशी मंगलकाकी रस्त्यानं जाताना थांबल्या. "काय आशाताई, परत अंगणात व्हय?"

मी उठून उभी राहिले. "व्हय, अंगणात! तुमच्यापायी म्या ह्याला कोंडला. त्याचं रगात काढलं. आता तो आभाळाखाली बसंल, न्हाईतर वेशीवरच्या त्या पाटीखाली बसंल. कुणाला बघायचं असंल त्यानं तिकीट काढून यावं." माझा आवाज पार गिरणीपर्यंत गेला असेल. काकी निघून गेल्या. विराज पॉटीवर बसून टाळ्या वाजवत होता.

खरं तर काकींनी मला कडी लावायला सांगितलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग पॉटी रोज थोडी थोडी सरकत गेली. पडवीत, परसात, संडासाच्या दारात. यांनी एका सुट्टीच्या दिवशी छपराचा एक पत्रा काढून तिथे उजेड येणारा प्लास्टिकचा पत्रा बसवला, न सांगता. चप्पल काढता काढता बोलणाऱ्या माणसानं एवढं केलं, हे नोंदवून ठेवते. आठ महिने पावडर चालली, मग मॅडमच्या सांगण्यानं हळूहळू कमी होत बंद झाली. पुण्याला जावं लागलं नाही. शेवटच्या वेळी मॅडमनी पुन्हा माझा हात त्याच्या पोटावर ठेवला. हाताला नुसतं पोट लागलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी कडीबद्दल पुन्हा कधीही विचारलं नाही.

आता मी घरोघरी जाते तेव्हा संडास आहे का एवढंच बघत नाही. आत जाऊन खाली बसून बघते, तीन फुटांच्या माणसाला इथून काय दिसतं. बाया हसतात. हसू देत.

विराज चार वर्षांचा झाला. आता एकटा जातो, स्वतःचं स्वतः करतो. फक्त आत गेल्यावर रोज एकदा ओरडून विचारतो, "आई, कडी लावली न्हाईस ना?"

"न्हाई रं," मी जिथे असेन तिथून सांगते. "कडी काढली आपण."

"बरं," तो म्हणतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो.