जन्मताना वजन किती होतं?

"एकशे अडुसष्ट, खाली एकशे चार," वार्षिक तपासणीला कंपनीत आलेले डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दंडाला पट्टा पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तेच. "बीपी आहे तुम्हाला. वय किती?" चौतीस, मी म्हणालो. डोकं दुखतं का, या प्रश्नाला नाही म्हणालो. दुखत होतं, पण कंपनीच्या डॉक्टरला ते कशाला सांगायचं?

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायची, हे माझं काम. गेटबाहेर पडलं तरी ती सवय सुटत नाही. त्यामुळे बीपीचा आकडा ऐकून पहिला विचार आजाराचा आलाच नाही. यांना माणसं कमी करायची आहेत, हा आला.

इथे एक कबुली देतो. तपासणीत कोणाचं काही निघालं की त्याला लाईनवरून हलवतात, अशी आमच्याकडे बोलवा आहे. खरी की खोटी, कोणी विचारलं नाही. म्हणून आधीची दोन वर्षं मी बाटलीत दत्ताची लघवी दिली होती. दत्ता शेजारच्या मशीनवरचा धडधाकट गडी, तिघाचौघांची गरज एकटा भागवायचा. "राव, माझ्या जिवावर अख्खी लाईन फिट हाय," म्हणायचा. माझे रिपोर्ट नॉर्मल यायचे, बीपीही तोवर हद्दीत असायचं. बीपी मात्र दुसऱ्याचं देता येत नाही.

मी मोशीत राहतो. तिथल्या दवाखान्यात मोजून घेतलं, मग मेडिकलवाल्याच्या मशीनवर, मग ताथवड्याला मेव्हण्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे. आकडे तीन ठिकाणी तीन, पण कमी एकही नाही. मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं, असं मी मेडिकलवाल्याला विचारलं. त्याने मशीन उचलून काउंटरखाली ठेवलं.

ताथवड्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. या वेळी दत्ता नव्हता. लघवीत प्रोटीन निघालं. किडनी म्हणजे गाळणी. रक्तातलं प्रोटीन तिने वरच अडवायचं असतं. ते खाली यायला लागलं, की गाळणी बिघडतेय असं समजायचं. त्यांनी सांगवीच्या किडनीच्या डॉक्टर मॅडमना चिठ्ठी दिली. या दोघांचं आपसात काय ठरलं असेल, याचाच विचार करत मी तिथल्या बाकावर दोन तास बसलो.

मॅडमनी सोनोग्राफी केली. दोन्ही किडन्या आकाराने लहान. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, थोडं वाढलेलं. पुढच्या तपासण्यांत कारण काही सापडेना. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "जन्मताना तुमचं वजन किती होतं?"

मला वाटलं, रोग सापडेना म्हणून या वेळ काढतायत.

आई आमच्याकडेच असते, गाव बीडकडचं. तिला विचारलं. "चांगला व्हतास की," ती म्हणाली आणि नुकताच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. माझ्यासारख्याला तेवढं पुरलं. चार दिवस मी तिची उलटतपासणी घेतली. शेवटी चिडून म्हणालो, "माझी किडनी चाललीय आणि तू लपवतेस." हे बोलायला नको होतं.

ती खाली बसली. "दीड किलोचा व्हतास. सुईणीनं वाण्याच्या तराजूत जोखलं. कापसात गुंडाळून ठिवलं, बोळ्यानं दूध पाजलं." मग वडिलांनाही कधी न सांगितलेलं तिने मला सांगितलं. ओटीभरणाच्या आदल्या दिवशी ती हिरवा चुडा भरायला एकटीच कासाराकडे गेली होती. "हात असे सुजले व्हते, एक बी बांगडी चढंना. दोन फुटल्या. ओटीचा चुडा फुटला म्हंजे अपशकुन. म्या कासाराला हात जोडले, कुनाला सांगू नका म्हनलं. मोठ्या मापाच्या भरल्या आन् पदराखाली हात झाकून बसले." डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तेही तिने तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला तिला सांगवीला नेलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. सूज, डोकेदुखी, काजवे ही गरोदरपणातल्या बीपीची लक्षणं. अशा वेळी वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, बाळाला रक्त कमी मिळतं आणि त्याची वाढ पोटातच अडते. त्याला इंट्रायुटेराईन ग्रोथ रिस्ट्रिक्शन म्हणतात. किडनीतल्या बारीक गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, जन्माआधीच्या महिन्यांत तयार होतात. नंतर त्यात भर पडत नाही. कमी गाळण्यांवर जन्माला आलेला माणूस ठणठणीत दिसतो, पण त्या थोडक्या गाळण्या जादा काम करून लवकर थकतात.

"लहान जन्मलेल्या प्रत्येकाला असं होतं असं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचं कारण हेच, असंही मी शपथेवर सांगणार नाही. पण जुळतंय." इतक्या दिवसांत या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. फसवणारा माणूस स्वतःची खात्री कमी करून सांगत नाही.

"म्हंजे माझ्यामुळंच की," आई म्हणाली.

"नाही आजी. तेव्हा कोणीतरी तुमचं बीपी मोजायला हवं होतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "गेल्या दोन वर्षांचे लघवीचे रिपोर्ट आहेत ना?"

दत्ताचं सांगावं लागलं. "म्हणजे दोन वर्षं आपण हातची घालवली," एवढंच त्या म्हणाल्या. आई शेजारीच बसली होती. तिने विसाव्या वर्षी, कोणी विचारणारं नसताना लपवलं होतं. मी शिकून सवरून, विचारणारे समोर असताना लपवलं. मला तिच्याकडे बघवेना.

आता रोज गोळी आहे, मीठ कमी आहे. आठ महिन्यांत प्रोटीन बरंच उतरलं, क्रिएटिनिन आहे तिथे थांबलंय. गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखायचं. यंदा कंपनीत बाटली माझीच दिली. स्टिकरवरचं नाव मात्र दोनदा वाचलं. लाईनवरून अजून हलवलेलं नाही, माझं लक्ष आहे.

तुम्ही जन्मताना फार लहान होता असं घरात कोणी म्हणत असेल, तर वर्षातून एकदा बीपी आणि लघवी तपासून घ्या. स्वतःची. आईला विचाराल तेव्हा माझ्यासारखं विचारू नका.

हे लिहू का, असं मी आईला विचारलं. अपशकुनाची गोष्ट ती चौतीस वर्षं झाकून होती. ती शेंगा निवडत होती, मान वर केली नाही.

"लिही की. आत्ता बी कुन्या लेकीला बांगड्या चढत नसतील. तिला म्हनावं, कासाराकडून उठ आन् आधी दवाखान्यात जा."