भालेराव सरांचं कपाळ

फाइल मशीनला पाठवायची वेळ झाली होती. रेखाचा हात माउसवर होता. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. म्हटलं, "जरा थांब. कपाळ कोरं दिसतंय."

"दादा, प्रूफ ओके हो गया है," ती म्हणाली. "अब क्या छेड़ना?"

इंदूरला बड़ा गणपतीजवळ आमचं ग्राफिक्सचं दुकान आहे. बॅनर, पत्रिका, फ्रेम करून भिंतीवर लावायचे मोठे फोटो, असं सगळं इथे डिझाइन होतं आणि सांवेर रोडला मशीनवर छापलं जातं. निम्मं काम जयंती-पुण्यतिथीचं. शहरात रोज कोणा ना कोणा मोठ्या माणसाची पुण्यतिथी असतेच, आणि फोटोखाली आपलं नाव टाकून नमन करणारेही रोज तयार असतात. नेते, पैलवान, डॉक्टर, शाळांचे संस्थापक. वर्षभराचं कॅलेंडर मला तोंडपाठ आहे. रेखा माझ्याकडे बारा वर्षांपासून ऑपरेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन बसवते. हात साफ आणि डोकं थंड. माझं सगळं उलट.

प्रूफ म्हणजे छापण्याआधी गिऱ्हाइकाला पाठवलेला नमुना. त्याने ओके म्हटलं की फाइलला हात लावायचा नाही. धंद्यातला हा पहिला नियम. तो कागदावर छापून भिंतीला मीच चिकटवला होता.

फोटो भालेराव सरांचा होता. सरकारी शाळेत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवलं. सकाळी शाळा भरायच्या आधी मिलमधल्या कामगारांच्या पोरांना घरी बसवून फुकट शिकवायचे. त्यातले कितीतरी इंजिनियर झाले. जुन्या इंदूरमध्ये आजही त्यांचं नाव काढलं की माणसं उभी राहतात. त्यांच्या स्मृतिदिनी शाळेच्या लायब्ररीला त्यांचं नाव देणार होते आणि तिथे हा फोटो लागणार होता. त्यासाठी त्यांची मुलगी, सुनंदाताई, कितीतरी वर्षं शाळेत अर्ज देत होती. स्वतः हॉस्पिटलमधून सिस्टर म्हणून रिटायर झालेली बाई. हेडमास्तर बदलले की नवा अर्ज.

ताई दुकानात आल्या त्या दिवशी मला फार आनंद झाला. मराठी गिऱ्हाईक आता कमी येतं. त्यात आडनाव भालेराव. आम्हा जुन्या इंदूरकरांना एक खोड आहे. आडनाव कानावर पडलं की समोरच्याचं घर, देव, स्वयंपाक, सगळं आम्ही मनात मांडून मोकळे होतो. भालेराव म्हणजे आपल्यातलेच, असं मी ठरवून टाकलं. भालेराव इतरांतही असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी डोक्यात आलं नाही, एवढंच.

"तुम्ही मूळचे कुठले?" मी विचारलं.

"महूचे. आजोबा पलटणीत होते."

एवढ्यावर कोणालाही कळलं असतं. मी ऐकलंच नाही. माझे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, त्यांची पगडी आमच्याकडे अजून आहे, हे मी त्यांना पंधरा मिनिटं सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि पिशवीतून फोटो काढला. सोबत एका कागदावर मजकूर होता.

"साधा ठेवा," त्या म्हणाल्या. "फोटो, नाव, खाली 'गणित शिक्षक'. बाकी काही नको."

"एकदम साधा," मी म्हटलं.

रेखाने तसाच केला. ताईंना व्हॉट्सअॅपवर प्रूफ गेलं. त्यांचं उत्तर आलं, "छान. ओके."

आणि मग मी खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो.

डिझाइन लेयरमध्ये असतं. लेयर म्हणजे काचा समजा. एका काचेवर फोटो, दुसरीवर नाव, तिसरीवर हार. एकावर एक ठेवल्या की चित्र पूर्ण. पुण्यतिथीचा आमचा एक तयार संच आहे, त्यात ॐ, समई, हार आणि चंदनाचा टिळा असतो. हवं ते एका क्लिकमध्ये चालू, एका क्लिकमध्ये बंद. मी ॐ बंद ठेवला, समई बंद, हार बंद. फक्त टिळा चालू केला. स्वतःलाच शाबासकी दिली की बघा, किती संयम. आमच्या घरी गेलेल्या माणसाच्या फोटोला रोज गंध लागतं. कोरं कपाळ मला बघवत नाही. वाटलं, ताईंच्या लक्षात राहिलं नसेल, आपल्याकडून एवढी सेवा.

नावाआधी त्यांनी 'कालकथित' लिहिलं होतं. तो शब्द मला जड वाटला. मी तिथे 'कै.' करून टाकलं.

"दादा, एक बार पूछ लो उनको," रेखा म्हणाली.

"अगं, आपलीच माणसं आहेत. त्यांना काय विचारायचं?"

तिने फाइल पाठवली.

कार्यक्रम सकाळी अकराला शाळेच्या हॉलमध्ये होता. मला आमंत्रण होतं. मी इस्त्रीचा कुर्ता घालून दुसऱ्या रांगेत बसलो. सरांचे जुने विद्यार्थी आले होते, तेही आता पांढऱ्या केसांचे. महूहून ताईंचे नातेवाईक आले होते, बहुतेक सगळे पांढऱ्या कपड्यांत. टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती, फुलं आणि मेणबत्त्या. मूर्ती मी पाहिली. पाहिली आणि मनात म्हटलं, वा, छान आहे. तरीसुद्धा माझी ट्यूबलाइट पेटली नाही. मला आज त्याचीच जास्त लाज वाटते.

ताईंनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. पुढच्या रांगेतल्या महूच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. माझ्या पुढे शर्माजी बसले होते. सरांचे विद्यार्थी, वीज मंडळातून रिटायर झालेले. ते हळू आवाजात म्हणाले, पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"आख़िर लगा ही दिया सर को."

मी पुढे वाकून विचारलं, "काय झालं, शर्माजी?"

त्यांनी सांगितलं. मान वळवली नाही, समोर बघतच सांगितलं. सरांच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा सर कॉलेजात होते. तेव्हापासून त्यांनी कपाळाला काही लावलं नाही. शाळेत पूजा असली की पोरं ताट घेऊन यायची. सर हसून कपाळापुढे हात धरायचे. म्हणायचे, "बेटा, फूल दे दे. टीका नहीं." आणि फूल घेऊन खिशाला लावायचे. एका हेडमास्तरांना ते खटकलं. सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, लावून घ्या, नाहीतर मी बघतो. सरांनी लावलं नाही. बदली झाली, लांबच्या गावात, तीन वर्षं. ताई तेव्हा लहान होत्या, आई आजारी. सर दर शनिवारी बसने यायचे आणि रविवारी परत जायचे. पण लावलं नाही.

"पूरा स्कूल जानता है भिया," शर्माजी म्हणाले. "तीन साल बाहर रहे आदमी इसके लिए."

'कालकथित' हा बौद्ध घरांतला शब्द, आणि मी तिथे 'कै.', म्हणजे कैलासवासी, करून ठेवलं होतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. तीन वर्षं त्या हेडमास्तरांना जे जमलं नाही ते मी एका क्लिकमध्ये केलं होतं, आणि त्यांच्याच शाळेत, त्यांच्या मुलीच्या हातून लोकांसमोर उघडलं होतं.

ताई दोरी हातात धरून तशाच उभ्या होत्या. आताचे हेडमास्तर धावत माझ्याकडे आले. "यह किसने किया? मैडम ने तो सादा बोला था ना?"

ताईही वळल्या. माझ्याकडे बघत होत्या.

सांगायला पाहिजे होतं, मी केलं. दोनच शब्द. माझ्या तोंडून आलं, "ऑपरेटरकडून झालं असेल, ताई. तयार टेम्प्लेट असतो ना, चुकून चालू राहिलं."

हे मी अगदी सहज बोललो. एकदम शुद्ध, नम्र, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं.

ताईंनी पर्समधून सरांचा पासपोर्ट साइज फोटो काढला आणि टेबलावर मूर्तीशेजारी उभा केला. शर्माजींनी आणि आणखी एकाने मोठी फ्रेम उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग सगळे उभे राहिले, पंचशील झालं. ताईंनी भाषण केलं. फोटोबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. सर खडू कसे जपून वापरायचे, तेवढं सांगितलं. लोक हसले. मी दुसऱ्या रांगेत खाली बघत बसलो. उठून जायचीही हिंमत नव्हती.

दुकानात आल्यावर रेखाला एवढंच सांगितलं, "त्या फाइलमधला टिळा काढ. ताईंच्या कागदावर आहे तसंच नाव टाक. आज पाठव." कशाबद्दल ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. मला वाटलं, चला, तिला काही कळलं नाही.

तीन दिवसांनी नवी फ्रेम गाडीत घालून मी महूला ताईंच्या घरी निघालो. गाडी चालवताना वाक्यं जुळवत होतो. चांगलं लांबलचक जुळवलं होतं, अज्ञान, संस्कार, क्षमा वगैरे. त्यांनी दार उघडलं आणि सगळं विसरलो.

"ताई, तो टिळा मी लावला होता. रेखाने नाही. ती नको म्हणत होती."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आत या."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुमच्या दुकानात हेडमास्तरांनी फोन केला होता त्याच दिवशी. तो तिनेच घेतला. मैडम आपसे इतनी बड़ी गलती कैसे हुई, असं फार बोलले तिला. मग तिने मला फोन केला. रडत होती. मी विचारलं, तू केलंस का? तर म्हणते, दुकान से हुआ है ताई, तो मुझसे ही हुआ समझो. मी म्हटलं, मी ओके दिलं तेव्हा कोरं होतं, मग फाइल कोणी उघडायला लावली? तर गप्प. मी दोनदा विचारलं. तिने तुमचं नाव घेतलं नाही. त्यावरूनच कळलं."

म्हणजे तीन दिवस ती माझ्यासमोर बसून काम करत होती, माझ्यासाठी चहा मागवत होती, आणि तिला सगळं माहीत होतं.

"मला माहीत नव्हतं, ताई," मी म्हटलं. "सरांचं. तुमचं. मी धरूनच चाललो."

"टिळा लावताना तुम्हाला माहीत नव्हतं, ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. वॉर्डात पेशंटशी बोलतात तसा सपाट. "पण हॉलमध्ये तुम्हाला माहीत होतं."

मी फ्रेम भिंतीला टेकवली. त्यांनी कागद सोडून ती नीट पाहिली. कपाळ पाहिलं, नाव वाचलं. "बरोबर आहे," म्हणाल्या. पाणी दिलं. मी प्यायलो आणि निघालो.

त्याच दुपारी हेडमास्तरांना फोन करून खरं सांगितलं. ते "ठीक है, ठीक है" म्हणाले आणि ठेवून दिला. रेखाशी बोलायला मात्र संध्याकाळ झाली. दुकानातले बाकीचे असताना बोललो, कारण तिच्याकडे बोट मी भरल्या हॉलमध्ये दाखवलं होतं. म्हटलं, "मी तुझ्यावर ढकललं. चुकलं माझं."

तिने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "दादा," ती म्हणाली, "आप ओके के बाद फाइल मत खोला करो."

बस, एवढंच. तेव्हापासून ओके झालेली फाइल लॉक होते. पासवर्ड रेखाने ठेवलाय, मला तो ठाऊक नाही. या धंद्यात येणाऱ्याला मी एकच सांगतो. गिऱ्हाइकाने साधं म्हटलं तर साधं म्हणजे काय, ते त्यालाच विचारा. आणि चूक झाली तर पहिल्या मिनिटात आपली म्हणा, दुसऱ्या मिनिटाला ती दुसऱ्याची होऊन बसते.

पुढच्या वर्षी स्मृतिदिनाच्या आधी दुकानाचा फोन वाजला. मी उचलला. ताई होत्या. लायब्ररीत कार्यक्रम होता, पत्रक छापायचं होतं. मी खुर्ची सरसावून बसलो, पेन घेतलं. म्हटलं, "सांगा ताई, लिहून घेतो."

"रेखाबाईंना द्या," त्या म्हणाल्या.

मी फोन रेखाकडे दिला.